दाढेला साजेसं गाणं

माझी आत्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे आणि तिथली गाणीही तीच लावते. पेशंटच्या दुखण्याप्रमाणे गाणं निघतं, वर आत्याची टिप्पणी. दात साफ करायचे असले की उडतं पॉप: ‘डोकं बाजूला ठेवून ऐका.’ दाढ काढायची असली की नवख्या बँडचं लांबलचक गाणं: ‘हा गायक रडतो छान, पण कशासाठी ते शेवटपर्यंत सांगत नाही. तोवर तुमची दाढ बाहेर.’ तोंड उघडं असल्यामुळे कुणाला वाद घालता येत नाही.

परवा तिचीच दाढ काढली. गाणी डॉक्टरांनी लावली.

संध्याकाळी मी विचारलं, ‘फार दुखलं का गं?’

गाल धरून ती म्हणाली, ‘दाढेचं काही नाही रे. इतकी भिकार गाणी, आणि मला एक शब्द बोलता आला नाही.’