लुएलानं खासदाराला बोलू दिलं नाही

लुएला थर्बर काही रागीट बाई नव्हती. चाळीस गायींचं शेण काढण्यात नि मार्चात मेपलचा रस आटवण्यात अठ्ठावन्न वर्षं गेली. व्हरमाँटच्या त्या डोंगरगावात तिचा चढलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. पण जानेवारीत राष्ट्राध्यक्षानं एका कागदावर सही ठोकली आणि तिचा मुलगा रसेल समुद्रापार लढाईवर गेला. लढाई करायची का नाही हे काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, ठरवायचं, असं शाळेत तिच्याकडून घोकून घेतलं होतं. काँग्रेसनं मतदानच घेतलं नाही. तेव्हापासून ती पेटली होती. धार काढताना गायीसुद्धा बिचकायच्या.

मार्चाच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरली. बर्फ उपसायची गाडी घ्यायची का, पुलाला फळ्या कसल्या लावायच्या, सगळं तिथं हात वर करून ठरायचं. खासदार पेल्टियर दरवर्षीसारखा सभेच्या जेवणातल्या बीन्स खायला नि गोड बोलायला आला. तो परगावचा, म्हणून त्याला बोलायचं तर सभेतल्या दोन तृतीयांश लोकांचा होकार लागे. आजवर कुणी अडवलं नव्हतं.

"कुनाची हरकत?" सभापती मर्टननं सवयीनं विचारलं.

"माझी हाय." लुएला उठली.

"आगं, बोलू दे की," मागून ड्वेन ओरडला, "बीन्स गार होत्यात!"

"तू गिळ, ड्वेन. मर्टन, त्याला इचार. या लढाईवर मत घ्या म्हनून वॉशिंग्टनात उभा ऱ्हानार हाय का?"

पेल्टियर हसला. "ताई, पोरांची काळजी मलाही आहे. पण अशा वेळी राष्ट्राध्यक्षांचे हात बांधून कसं चालेल?"

"त्याचं हात मोकळं, आन् तुझं खिशात! मतं मागाया आलास तवा बरं भायेर काढलं हुतंस!"

हशा पिकला. मर्टननं हातोडा आपटला. "लुएला, सभेत बोलायचं ते सभापतीला, मला बोल."

"तुला सांगते. ज्याचं तोंड तिथं उघडत न्हाई, त्यानं हितंबी उघडू ने."

पेल्टियर मर्टनच्या कानाशी वाकला. "सभापती तुम्ही आहात. द्या दोन मिनिटं. कोण अडवतंय तुम्हाला?"

"मला तो अधिकारच न्हाई, साहेब. मी नुस्ता मोजतो."

त्यानं होकाराचे हात मोजले. एकशेबारा माणसं; पंच्याहत्तर हात हवे होते, एकोणसत्तर भरले. खासदार कोट उचलून तरातरा निघून गेला.

कुणीतरी लुएलाच्या पाठीवर थाप मारली. तिनं ती झटकली. जिंकल्यासारखं झालं काय होतं? रसेल लढाईवरच होता नि ती सहीही जागच्या जागी होती.

"मर्टन, मी बसले न्हाई अजून. गावानं मत घ्यावं. या लढाईवर. व्हय का न्हाई."

"आपल्या मतानं काय थांबतंय, बाई?"

"न थांबू दे. ज्यांचं काम त्यांनी टाळलं, म्हनून आपुनबी टाळायचं?"

मर्टननं कोरा कागद ओढला. "ठराव तुझा. शब्द सांग."

"लिही," लुएला म्हणाली, "आमाला कुनी इचारलंच न्हाई."