प्लासिड मास्तरांचा खेळाचा तास

नायगावच्या आमच्या शाळेत प्लासिड मास्तर १९५२ साली व्यायाम शिकवायला आले. स्वतःचं पोट सुटलेलं, त्यामुळे गावाला हसायला आयतंच निमित्त मिळालं. तीन वर्षं झाली तरी नोकरी हंगामीच. तपासणीला येणारे साहेब बरा शेरा देतील, तरच ते कायम होणार होते.

आणि आमची कवायत म्हणजे आनंदच! 'डावीकडे वळ' म्हटलं की निम्मा वर्ग एकमेकांच्या तोंडाकडे बघायचा. शेवटी मास्तरांनी शिट्टी खिशात घातली आणि विचारलं, "तुम्हांला येतं तरी काय रे?" मिठागरांच्या चिंचोळ्या बांधांवरून पळायला येतं, आम्ही सांगितलं. मग मैदानात राखेनं बांध आखले आणि त्यांवर शिवाशिवी सुरू झाली. रेषेबाहेर पाय पडला की पाण्यात पडलात, बाद! मास्तर नियम सांगत नसत, विचारत. लहानगी पटापट बाद होतात, काय करूया? त्यांचे बांध रुंद करूया. भांडणं होतात, काय करूया? यावर आठ दिवस वाद घालून आम्ही ठरवलं, बाद झालेल्यानं आपणच हात वर करायचा.

साहेब आले. कवायतीची पार दैना झाली. हेडमास्तर श्रीपतराव घामाघूम. "यांना काही येतं का?" साहेबांनी विचारलं. मास्तरांनी खेळ लावला. बघता बघता साहेबांनाच राहवेना. कोट काढून तेही बांधावर चढले, आणि दुसऱ्याच वळणावर त्यांचा बूट रेषेबाहेर गेला. ते मात्र पळतच राहिले.

सगळं मैदान थांबलं. श्रीपतराव डोळ्यांनी मास्तरांना खुणावत होते, गप्प बसा. मास्तरांनी ती खूण पाहिली. तरी ते म्हणाले, "साहेब, इथले नियम मुलांनी केलेत. त्यांना विचारा."

आमच्या वर्गातली, शेजारच्या जूचंद्र गावची चंद्रकांता पुढे झाली. "सायेब, आमच्यान बाद झालेला आपनच सांगतो."

साहेबांनी बुटाकडे पाहिलं. मग हात वर केला. "बाद!"

काय ओरडलो आम्ही! साहेब बाद झालेल्या पोरांत फतकल मारून बसले आणि तास संपेपर्यंत चंद्रकांताच्या नावानं आरोळ्या ठोकत राहिले. जाताना पँट झटकत त्यांनी श्रीपतरावांना विचारलं, "हा माणूस अजून हंगामी कसा?"

ते ऐकून मास्तर रडायलाच लागले, आणि आम्ही अडाणी, कुठे लागलंबिगलं की काय म्हणून त्यांचे पाय बघत होतो.