दुसरी टिचकी

भीमराव सर वर्गात आले की खडूच्या आधी पिशवीतून मान डोलावणारी तंजावूर बाहुली काढायचे. तिच्या डोक्याच्या आत त्यांनी लोहचुंबकाचा तुकडा चिकटवला होता. शेजारी होकायंत्र. टिचकी मारली की मान डोलायची आणि होकायंत्राची सुई थरथरायची. मान उलट येऊन मधोमध पोहोचली की सर नेमकी तेवढ्याच जोराची दुसरी टिचकी मारत. मान जागच्या जागी थांबे, मागोमाग सुईही.

बाकीच्या वर्गाशी ते तमिळमध्ये बोलत. मी तंजावूरच्या राजवाड्यामागच्या मराठी घरातली, म्हणून माझ्याशी आपल्या जुन्या मराठीत. "बघ गे, चुंबकांतले अणू असेच डोलतात. लेझरच्या इवल्या झटक्यानं टिचकी मारायची, दुसरी वेळेवर मारायची. शरी, कळलं? अणू ऐकले कीं चुंबकत्व ऐकतं."

पण तंजावुरात असला लेझर कुठला! आमच्या कॉलेजात पंखा नीट फिरला तरी पुष्कळ. सरांनी एका चुंबकी स्फटिकासाठी दुसरी टिचकी केव्हा मारायची, याचं गणित वर्षानुवर्षं हातानं केलं. आकडा निघाला, पण तपासणार कोण? मग आयातीची बंधनं सैलावली, परदेशी लेझर बंगळूरला आले, आणि मला तिथल्याच प्रयोगशाळेत नोकरी लागली. सर स्टेशनवर आले होते. "माझा आकडा तपास. चुकला तर चुकला म्हण. गोड बोलायचं नाहीं."

आकडा चुकला. सरांच्या वेळेवर दुसरा झटका दिला तर कंप थांबेचना. त्याच्या जरा आधी दिला तेव्हा थांबला.

तोवर सरांनी अंथरूण धरलं होतं. आलेख घेऊन मी तंजावुरला गेले. त्या खोल गेलेल्या डोळ्यांनी ते माझ्याकडे बघत राहिले आणि माझा धीर सुटला. "बरोबर आला, सर," मी म्हटलं.

"ऐकलीस काय?" त्यांनी काकूंना हाक मारली. "पोरीला कॉफी दे!"

ती कॉफी मला कडू लागली. घरी जेवण गेलं नाही. आलेख त्यांच्याच खाटेवर राहिला होता. सकाळी खरं सांगायचं ठरवून गेले, तर आलेखावर पेन्सिलीच्या वेड्यावाकड्या खुणा.

"स्फटिक थंड करून तपासलीस, नव्हे?" सर म्हणाले. "मी घेतला तो आकडा उकाड्यांतला. थंडींत अणू भरभर डोलतात. अय्यो, तंजावूरच्या माणसाला थंडी सुचावी कशी!" हसताहसता त्यांना खोकला आला. मलाही हसू फुटलं, रडूही.

खोकला थांबल्यावर ते गंभीर झाले. "चूक सापडली, फार बरं झालं. पण काल सांगितली असतीस तर कालचा अख्खा दिवस दोघं मिळून बसलों असतों. माझ्यापाशीं दिवस किती उरले गे?"

मी वही उघडली. त्या दिवशी आम्ही संध्याकाळपर्यंत बसलो. नवं गणित सरांनी तोंडानं सांगितलं, मी लिहिलं. पुढे त्यांना बोलवेना.

आठव्या दिवशी सर गेले. बाहुली काकूंनी मला दिली, ती माझ्या टेबलावर असते. वाईट निकाल घेऊन कुणी विद्यार्थी दाराशी घुटमळला की मी त्याला लगेच आत बोलावते. सरांचे मोजके दिवस होते, आणि त्यातला एक मी खाल्ला.