उन्हाळी माप

"भाऊ, वास काय जास नही."

नानांचा हा तिसरा फोन. मी नरडाण्याच्या शेडमध्ये एका टाकीच्या मोल्डला वॅक्स चोळत होतो. मोबाईल कान आणि खांद्याच्या मध्ये दाबलेला. मागच्या दोन वेळी जे सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. "नाना, नवा माल आहे. नव्या गाडीला नसतो का वास? खिडक्या उघड्या ठेवा. पंधरा दिवसांत जाईल."

 नाना म्हणाले, "बरं भाऊ." आणि फोन ठेवला.

समोरचा माणूस भांडला तर मला कळतं. नाना भांडले नाहीत, म्हणून मला वाटलं, मिटलं.

माझा धंदा फायबरचा. लोक फायबर म्हणतात, पण त्यात दोन गोष्टी असतात. एक काचेच्या धाग्यांची चटई, तिला मॅट म्हणतात. दुसरं रेझिन, म्हणजे मधासारखा दाट द्रव. मोल्डवर मॅट अंथरायची, ब्रशने रेझिन पाजायचं, रोलरने हवा काढायची. रेझिन घट्ट झालं की वस्तू तयार. वीस वर्षं मी पाण्याच्या टाक्या, कूलरच्या बॉड्या, वॉचमनच्या केबिन केल्या. माणूस राहील अशी वस्तू कधी केली नव्हती.

नाना साक्रीकडचे. पाटबंधारे खात्यात जीप चालवून रिटायर झालेले. हयात साहेबांना धरणांवर नेण्यात गेली. लाटीपाडा, अनेर, हतनूर, गिरणा. साहेब बंगल्यावर उतरायचे, नाना जीपमध्ये किंवा व्हरांड्यात झोपायचे आणि घरी आल्यावर बायकोला सांगायचे की पाणी कसं दिसत होतं. बायको म्हणजे अक्का. माहेर रावेरचं, केळीच्या बागांतलं. तीस वर्षं त्यांनी ती धरणं नुसती ऐकली. नाना रिटायर झाले की बघायचं ठरलं होतं. नाना रिटायर झाले आणि अक्कांच्या किडन्या गेल्या.

अक्कांच्या पोटात एक नळी बसवली होती. पिशवीतलं औषधी पाणी नळीतून पोटात सोडायचं, रक्तातली घाण त्यात उतरली की काही तासांनी ते काढून टाकायचं, नवं भरायचं. दिवसातून चार वेळा, घरच्या घरी. दवाखान्याच्या मशीनला बांधून राहावं लागत नाही, हा त्याचा फायदा. अट एकच, पाणी बदलताना जागा स्वच्छ हवी. नळीतून जंतू आत गेले की जिवावर बेततं. म्हणून लॉजची खोली नको, धर्मशाळा नको. धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, "आता तब्येत चांगली आहे. स्वच्छ खोली सोबत नेता येत असेल तर खुशाल फिरा. पण फार पुढे ढकलू नका."

नानांनी ते शब्दशः घेतलं. मार्चमध्ये दोघं माझ्या शेडवर आले. बोलेरोच्या मागे ओढता येईल अशी खोली हवी, म्हणाले. आतून एकसंध, कोपरे गोल, भिंती पुसता येतील अशा. फायबर त्यासाठीच चांगलं. ना सांधा, ना भेग, ना धूळ धरणारी कड.

मी हो म्हटलं. खरं सांगतो, मला हुरूप आला होता. आयुष्यभर टाक्या केलेल्या माणसाकडे कोणीतरी खोली मागत होतं.

अक्कांनी शेडमध्ये उभ्या उभ्या मला डिझाइन शिकवलं. हात वर करून दाखवला. "हूक इथी पाहिजे भाऊ. पिशवी उंच राहिली तं पानी पोटात उतरते. अन् बाक इतका उंच करा, म्हनजे काढलेलं पानी खाली जाईन."

मी खडूने खुणा केल्या. नानांनी वेगळीच गोष्ट सांगितली. औषधाची खोकी जड असतात, ती पुढे, बोलेरोला जोडायच्या बाजूला ठेवायची सोय हवी. मागे वजन गेलं तर ट्रेलर शेपूट हलवतो आणि गाडीला रस्त्यावरून ओढून नेतो. हे मला माहीत नव्हतं. ड्रायव्हरचं शहाणपण वेगळं असतं.

ट्रेलरचे दोन भाग केले, वरचा आणि खालचा. मध्ये कमरेला एकच जोड, आतून फायबरनेच बुजवून गुळगुळीत केलेला. पांढराशुभ्र, गोलसर. शेडमधली पोरं त्याला अंडं म्हणायची. काम मेमध्ये झालं, आणि इथेच घोटाळा झाला.

रेझिन घट्ट व्हायला त्यात हार्डनर टाकतात. उन्हाळ्यात आमच्याकडे पत्रा तापला की शेडमध्ये उभं राहवत नाही. नेहमीचं हार्डनर टाकलं तर ब्रश मॅटला लागायच्या आत बादलीतच रेझिनची भाकरी होते. म्हणून आम्ही हार्डनर कमी टाकतो. बाटलीचं झाकण हेच माप. हिवाळ्यात झाकण भरून, उन्हाळ्यात अर्ध्याच्याही खाली. याला आमच्या शेडमध्ये उन्हाळी माप म्हणतात. हे माप मीच ठरवलेलं. माझे जुने कारागीर रफिकभाई ते वीस वर्षं पाळत आले.

टाकीला ते चालतं. टाकी जाते शेतात, उन्हात पडते, राहिलेलं काम ऊनच पुरं करतं. पण हार्डनर कमी पडलं तर रेझिनमधला एक भाग, स्टायरीन, बांधला जात नाही. तो हळूहळू हवेत येत राहतो. तोच वास. उग्र, डोळ्यांना झोंबणारा, महिनोन्महिने टिकणारा. आम्हाला तो येत नाही. म्हणजे येतो, पण आमच्या नाकांनी त्याची दखल घेणं केव्हाच सोडलंय.

जूनच्या सुरुवातीला ट्रेलर साक्रीला गेला. मग आभाळ भरून आलं आणि ऊन गायब झालं. मग नानांचे तीन फोन.

तिसऱ्या फोननंतर दहा-बारा दिवसांनी बोलेरो शेडच्या गेटात उभी राहिली. मागे ट्रेलर. पुढच्या सीटवर अक्का. मार्चपेक्षा वाळलेल्या, पण हसत होत्या.

"काय अक्का, झालं का एखादं धरण?"

अक्का म्हणाल्या, "अंगनातून तं निघू द्या आधी."

नानांनी दार उघडलं. आत कापराच्या वड्या, कोळशाची टोपली, कापलेली लिंबं. कोणी जे जे सांगितलं ते सगळं त्यांनी करून पाहिलं होतं.

"खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या ना?" मी विचारलं.

 नाना रागावले नाहीत. "भाऊ, पानी बदलताना खिडक्या बंद ठेवना पडतस. पंखा बी बंद. वारा नको, धूळ नको. अर्धा तास. तिना डोयास्मा पानी येस, खोकला येस. नळी हातमा धरीसन खोकली तर कसं व्हई?"

माझ्या तोंडात कोणीतरी मारल्यासारखं झालं. ती खोली बंद ठेवण्यासाठीच केली होती. आणि मी तीन वेळा फोनवर सांगितलं होतं, खिडक्या उघड्या ठेवा.

मी ॲसिटोन आणि कापूस मागवला. ही आमची साधी टेस्ट. पक्क्या फायबरवर ॲसिटोन चोळलं तर काही होत नाही. कच्चं असेल तर पृष्ठभाग चिकट होतो. मी बाकाखाली चोळलं. कापूस भिंतीला चिकटून बसला. हूकजवळ चोळलं, तिथेही तेच.

"रफिकभाई, हार्डनर किती टाकलं होतं?"

"उन्हाळी माप, शेठ." त्यांनी कापूस पाहिला आणि टोपी काढून हातात घेतली. "माझी चूक झाली."

"तुमची नाही. माप माझं आहे."

मी नानांना सरळ सांगितलं. माल कच्चा राहिलाय. चूक माझी आहे. पहिल्याच फोनला येऊन बघितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

"ठीक व्हई का?"

"होईल. गरम हवेने शेकावं लागेल. आठवडा द्या."

"द्या की," अक्का गाडीतूनच म्हणाल्या. "इतके दिवस गेले, आठ दिवसानं काय होते? पन निघायच्या आधी मले बसू द्या आत. पाहते तं खरं."

त्या चढून आत गेल्या, बाकावर बसल्या, वरच्या हूकला हात लावून पाहिला. पदर नाकाला लावलेला. "उंची बरोबर झाली भाऊ," म्हणाल्या. मग खोकला आला आणि नानांनी त्यांना हाताला धरून खाली उतरवलं.

शेजारी पावडर कोटिंगचं युनिट आहे, रंग भट्टीत भाजणारं. त्यांच्याकडून गरम हवेचा ब्लोअर आणला. ट्रेलरला ताडपत्री गुंडाळली, एका खिडकीतून गरम हवा आत, दुसरीतून बाहेर. तापमान हळूहळू वाढवायचं, घाई केली तर भिंत वाकते. रफिकभाई तीन दिवस घरी जेवायला गेले नाहीत, डबा शेडवरच मागवला. चौथ्या दिवशी कापूस चिकटायचा थांबला. पाचव्या दिवशी पूर्ण कोरडा निघाला. मी नानांना फोन लावला. "नाना, परवा या न्यायला."

पलीकडे गडबड ऐकू येत होती. "भाऊ, आम्ही धुळाले दवाखानामा शेतस," नाना म्हणाले. "तिले ताप उना. पोटमा जंतू गयात. आते तुम्ही घाई करू नका."

ते त्यांनी मला दिलासा द्यायला म्हटलं होतं. मला दिलासा नको होता. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी धुळ्याला गेलो. डॉक्टरांना बाजूला गाठून विचारलं, वासामुळे तर झालं नाही ना? ते म्हणाले, "वासाने जंतू होत नाहीत. ट्रेलरमध्ये त्यांनी पाणी बदललंच नाही, खोकल्याच्या भीतीने. सगळं घरीच केलं. असं इन्फेक्शन घरीही होतं." हे सांगून त्यांनी मला सोडवलं, असं त्यांना वाटलं असेल. पण मी हिशोब दुसराच करत होतो. अक्कांचे जे चांगले दिवस उरले होते ते जून-जुलैतले होते. ते माझ्या फोनवरच्या उपायांत गेले.

अक्कांची नळी काढली होती. त्या आता रक्त शुद्ध करणाऱ्या मशीनवर होत्या.

"वास गेला का?" त्यांनी विचारलं.

"गेला अक्का. पूर्ण गेला."

"मंग ठेवा शेडात झाकून. बरी झाली की आधी हतनूरले जाऊ. माहेरच्या वाटेवर आहे." मग नानांकडे बघून, "हे म्हनतात तितकं पानी असते का तिथी, ते पाहायचं आहे."

नाना म्हणाले, "शे, शे. बठ्ठं पानी दखाडसू तुले." आणि खिडकीकडे वळले.

त्यानंतर नऊ दिवसांनी अक्का गेल्या.

ट्रेलर माझ्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभा राहिला. नाना आले नाहीत, मी फोन केला नाही. काय बोलणार? दिवाळी झाली. मग एक दिवस रफिकभाई म्हणाले, "शेठ, माणसाची वस्तू त्याच्या दारात पोचवली पाहिजे. घ्यायची की नाही ते ते बघतील." मी एक पिकअप भाड्याने घेतली आणि ट्रेलर साक्रीला नेला.

नाना ओट्यावर बसले होते. खाली आले. ट्रेलरभोवती एक फेरी मारली, चाकांची हवा अंगठ्याने दाबून पाहिली, गाडीला जोडायच्या कपलरला ग्रीस आहे का बघितलं. ड्रायव्हरची सवय. मग आत चढले आणि दार लावून घेतलं. एकेक खिडकी बंद केल्याचा आवाज आला. मी बाहेर उभा. मला वाटलं, रडत असतील. हाक मारावी की नको कळेना. शेजारची एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि माझ्या हातात देऊन गेली.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. नाना घामाघूम झाले होते.

"अर्धा तास बसनू," ते म्हणाले. "खिडक्या बंद करीसन. वास नही शे, भाऊ. बिलकुल नही." त्यांनी पायरीवर बसकण मारली आणि आतल्या बाकाकडे बोट केलं. "ती आठे बसनी असती."

मी तिथेच त्यांच्याशेजारी बसलो आणि रडलो. नाना माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. खरं तर ते उलटं व्हायला हवं होतं.

ट्रेलर अजून नानांच्या अंगणात आहे. एकाही धरणावर गेला नाही. वर्षातून एकदा मी जातो, कमरेच्या जोडाचं सील तपासतो, बेअरिंगला ग्रीस भरतो. नाना चहा करतात.

शेडमध्ये आता झाकणाचं माप बंद आहे. हार्डनर काट्यावर मोजून टाकतो. उन्हाळ्यात काम पहाटे करतो आणि प्रत्येक केबिन शेकूनच बाहेर जाते. देण्याआधी मी स्वतः आत बसतो, खिडक्या बंद करून, अर्धा तास. आणि कोणाचा फोन आला की वास येतो, तर फोनवर उपाय सांगत नाही. आधी विचारतो, आत कोण बसणार आहे. मग गाडी काढतो.