सरकारला उत्तर देणारे आबा

दोरवाल्या आबांच्या अंगठ्याला रेषाच नव्हत्या. शेती सांभाळून जन्मभर अंबाडीचे दोर वळले, त्यात दोन्ही अंगठे इतके गुळगुळीत झाले की वालूरच्या माझ्या ऑनलाईन सेवा केंद्रातलं यंत्र त्यांना ओळखायलाच तयार नसे. पुन्हा पुन्हा नकार आला की आबा अंगठा धोतराला पुसायचे आणि म्हणायचे, "मिटलो की काय माय मी?"

मग चेहरा दाखवून केवायसी करायची सोय आली. शेतकऱ्यांचा सरकारी हप्ता हवा तर माणूस तोच आहे आणि जिवंत आहे, हे पटवावं लागतं. आबा आधी बाहेरच्या नळावर तोंड धुवायचे, टोपी सारखी करायचे आणि मोबाईलपुढे खांबासारखे ताठ बसायचे. यंत्राला पापणी हललेली हवी, आणि आबा काही ती हलवत नसत.

"आबा, डोळे मिटून उघडा की हो."

"फोटुत डोळे मिटले म्हंजी मेल्यावानी दिसतंय."

मागे रांग खोळंबलेली. मी वैतागून त्यांच्या नाकासमोर टाळी वाजवायची, तेव्हा कुठे सरकारची खात्री पटायची.

बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलता एक मुलगा पुण्याला कंपनीत. आबांच्या बटणाच्या फोनवर हप्त्याच्या मेसेजशिवाय काही येत नसे. तो आला की आबा बाजाराच्या दिवशी चालत यायचे आणि माझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे. वाचून झालं की स्टूल पुढे ओढायचे. "आता उत्तर लिव. तूर बरी हाय म्हनावं. गुडघा लय दुखायलाय. बैल इकला, गोठ्याकडं बघू वाटंना."

मी सांगून सांगून थकले. "आबा, तिकडं माणूस नसतं, मशीन पाठवतंय. तुमचं उत्तर जातच नाही."

"न जाईना. कुनी आपल्याला 'प्रिय शेतकरी' म्हनलं तर आपन गप ऱ्हायचं का?"

मग मी मुकाट्यानं टाईप करायची. 'मेसेज पाठवता आला नाही' असं फोनवर दिसायचं आणि आबा समाधानानं उठायचे. पुढे पुढे तर मीच आठवण करू लागले, आबा, विहिरीच्या पाण्याचं राहिलं बघा. खरं सांगायचं तर त्या उत्तरांची वाट मीच बघायला लागले होते. माझ्याही दुकानात दिवसभर लोक कामाचं तेवढंच बोलतात.

गेल्या खेपेला सगळ्या गावाचे फोन वाजले, आबांचा वाजला नाही. दुकानात येऊन ते दबक्या आवाजात म्हणाले, "माय, उत्तराला उशीर झाला का गं? मागल्या टायमाला ताप व्हता, म्हनून लवकर येनं झालं न्हाई."

मी कॉम्प्युटरवर बघितलं, चार गोष्टी विचारल्या, तेव्हा उलगडा झाला. उन्हाळ्यात मुलगा आला होता. "तुमची दगदग वाचेल, हप्ता माझ्या नावावर घेऊन मीच पाठवत जाईन," म्हणून जमीन स्वतःच्या नावावर करून गेला. सातबाऱ्यावर आबा नाहीत, म्हणून आबांचा हप्ता बंद. आणि बाप हयात असताना अशी नव्यानं नावावर केलेली जमीन नियमात बसत नाही, म्हणून मुलालाही काही नाही. एवढं शिकून साधी चौकशी करता येऊ नये, याचा मला असा संताप आला.

मी आबांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी पैशाचा विषयही काढला नाही.

"म्हंजी आता मेसेज येनार न्हाई."

"नाही आबा."

"माझ्यावर राग न्हाई ना त्यांचा?"

"नाही हो. तुमचं काहीच चुकलं नाही."

"मंग बरं."

ते उठायला लागले. मला काही राहवेना. मी त्यांचा फोन हातात घेतला. "आबा, बसा. आज मुलाला लिहू या. त्याला लिहिलेलं जातं. लगेच जातं."

आबा पुन्हा बसले. बराच वेळ एका अंगठ्यानं दुसरा अंगठा चोळत राहिले. मी फोन धरून थांबले होते.

"त्याला कशाचं उत्तर लिवू माय?" ते म्हणाले. "त्यानं कुटं काय इचारलंय?"