काठापर्यंत बुडलेली बोट

बोट म्हैसूरच्या मेटगळ्ळी भागात उलटी पडून होती. बंद पडलेल्या एका वर्कशॉपची शेड मी भाड्याने घेतली होती आणि तीन वर्षे तिथे एकट्याने ती बांधली होती. चौदा फूट लांब, फणसाच्या फळ्यांची. शेडच्या पत्र्याला भोके होती. दुपारी त्यांतून उन्हाचे ठिपके उतरत आणि बोटीच्या पाठीवरून हळूहळू पुढे सरकत. जेवण झाल्यावर मी पोत्यांवर आडवा होत असे. डोळा लागण्याच्या बेताला ठिपके जागच्या जागी थांबत आणि बोट चालू लागे. जाग आली की ती होती तिथेच असे. हे मी घरी कधी सांगितले नाही.

पत्नी खाडीकाठची. लहानपणी तिचे शाळेला जाणे-येणे होडीतून होते. माझ्या नोकरीपायी आम्ही म्हैसूरला आलो त्याला वीस वर्षे झाली. या वीस वर्षांत तिने फारसे काही मागितले नाही. एकदा मात्र गावाबाहेरच्या धरणावर उभी असताना ती म्हणाली, "इथलं पाणी नुसतं बघायचं असतं."  ते मनात राहिले; निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी मी फळ्या विकत आणल्या.

बेळगोळ गावाच्या पुढे, त्याच धरणाच्या फुगवट्याच्या काठी, एक छोटा खाजगी धक्का आहे. प्लास्टिकच्या पिंपांवर तरंगणाऱ्या लाकडी वाटा पाण्यात गेलेल्या आहेत आणि दोन वाटांच्या मध्ये एक बोट जेमतेम मावेल एवढी जागा ठेवलेली आहे. तिला स्लिप म्हणतात. अशा एकूण आठ. आमचे नाव चार वर्षे यादीत होते. पत्नीचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. काठच्या चिखलातून पाय उचलून बोटीत चढणे तिला शक्य नाही. स्लिपमध्ये वाट आणि बोटीचा काठ जवळजवळ एका उंचीला येतात. तेवढे एक पाऊल ती टाकू शकते. म्हणजे स्लिप नसेल तर बोट असून नसल्यासारखी.

मार्चमध्ये एक स्लिप रिकामी झाली. धक्क्याच्या व्यवस्थापकाने अट घातली की महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी बोट स्लिपमध्ये तरंगती आणि आतून कोरडी दिसली पाहिजे. नाही तर जागा यादीतल्या पुढच्याला जाईल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. पुन्हा चार वर्षे थांबण्याचा विचार मी केला नाही.

माझी सारी नोकरी कारखान्याच्या टूलरूममध्ये गेली. दोन भागांमध्ये दिसणारी फट ही तिथे कामगाराची चूक समजली जाते. त्या सवयीने मी बोटीच्या प्रत्येक सांध्यात इपॉक्सी भरले आणि ते दगडासारखे वाळल्यावर घासून फळीच्या पातळीला आणले. फट मोजायच्या फीलर गेजचे सर्वांत पातळ पातेही कुठे शिरेना. बोट मला पूर्ण झाल्यासारखी वाटली.

त्याच आठवड्यात मी मास्तरांना बोलावले. मास्तर म्हणजे आमच्या गल्लीतले शिंपी. त्यांचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेले; घरात मराठी, पण तिच्यात कन्नड मुरलेली. बोटीवर घालायचे सुती कॅनव्हासचे आच्छादन त्यांनी शिवायचे होते. त्यांनी माप घेतले, वहीत लिहिले आणि कापड खांद्यावर टाकून निघाले.

"इथेच कापा की," मी म्हणालो.

"आज कापायचं नाय, सार. आधी दोन दिवस टबात भिजवतो, वाळवतो, मग कापतो. तसंच शिवलं तर पयल्या पावसात आटतं, आणि तुमी माझ्या नावानं बोंब मारता."

जाता जाता त्यांनी अंगठ्याचे नख एका सांध्यावरून फिरवले. "आणि हे? पाण्यात गेल्यावर हे काय करतं?"

"ते लाकूड आहे, मास्तर. कापड नव्हे."

"लाकूड बी पाणी पितंच की. शर्टाला बगलेत आमी थोडी जागा सोडतो. नाय सोडली तर माणूस हात वर करतो आणि टर्रकन फाटतं. तुमी कुठं जागा सोडलीय?"

मी त्यांना चहा पाजला आणि विषय मिटवला. मात्र घरी जाताना फळीचे दोन तुकडे पिशवीत घातले. त्यांच्यामध्ये तेच इपॉक्सी भरले, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आवळल्या आणि ते वाळल्यावर सगळे न्हाणीघरातल्या बादलीत बुडवले. आधी मायक्रोमीटरने माप घेऊन ठेवले होते. रोज सकाळी दाढी करण्यापूर्वी मी माप घेई. लाकूड रोज वाढत होते. चौथ्या दिवशी आंघोळीच्या वेळी बादलीतून एक कोरडा आवाज आला. इपॉक्सी शाबूत होते. फळी उभी फाटली होती.

तीन वर्षे त्या तापलेल्या पत्र्याखाली माझ्या फळ्या सुकत होत्या आणि मी त्यांना फुगायला केसभरही वाव ठेवला नव्हता. बोट तशीच पाण्यात सोडली असती तर फळ्यांनी एकमेकींना रेटून आतल्या फासळ्या मोडल्या असत्या. रविवारला अडीच आठवडे उरले होते.

मी जुन्या कानशीचे टोक वाकवून एक आकडी केली आणि भरलेले सगळे इपॉक्सी खरवडून काढायला बसलो. दिवसाला दोन सांधे होत. पांढरी भुकटी भुवयांवर बसे. मास्तर दुकान बंद करून संध्याकाळी येत, कापसाचे सूत मांडीवर वळून त्याची सैल दोरी करून देत. ती मी मोकळ्या झालेल्या सांध्यांत बोथट पटाशीने बसवी; लाकूड फुगले की ती दबून त्याला जागा देणार होती.

"लई ठासू नका," ते म्हणत. "स्वल्प, स्वल्प."

स्वल्प म्हणजे थोडे. आयुष्यभर मी लोकांना घट्ट बसवा असे सांगत आलो होतो. मी हात सैल केला.

गुरुवारी सकाळी बोट टेम्पोने धक्क्यावर नेली. स्कूटरचे जुने टायर कापून मी ते धडक सोसण्यासाठी तयार केले होते आणि बोटीला काळे डाग पडू नयेत म्हणून मास्तरांनी त्यांना कापडाच्या खोळी शिवल्या होत्या. ते वाटेच्या कडेला बांधले, चार दोऱ्या लावल्या आणि बोट स्लिपमध्ये ढकलली. क्षणभर ती कोरडी तरंगली. मग प्रत्येक सांध्यातून, मुळीच आवाज न करता, पाणी आत येऊ लागले. तासाभरात बोट काठापर्यंत बुडाली. लाकूड असल्याने तळाला गेली नाही. पाण्यावर पेन्सिलीने काढल्यासारखी काठाची रेघ तेवढी उरली.

व्यवस्थापक येऊन पाहून गेला. "बोट म्हणून नाव लिहिलंय तुमचं," तो कन्नडमध्ये म्हणाला. "हा तर पाण्याचा हौद दिसतोय. पंप देऊ का?"

मी उठलो. मास्तरांनी माझा सदरा धरला. "सुम्नं बसा, सार. भिजू दे."

सुम्नं म्हणजे गप्प. मी पुन्हा खाली बसलो. शुक्रवारी पत्नीलाही घेऊन आलो. काठावरच्या झाडाखाली तिला खुर्ची दिली. बोट तिने प्रथमच पाहिली, कारण पूर्ण होईपर्यंत शेडमध्ये यायचे नाही असे मीच सांगितले होते. तिने त्या रेघेकडे पाहिले.

"भिजत घातली होय?" ती म्हणाली. "आमच्याकडेही पावसाळ्यानंतर होडी अशीच बुडवून ठेवायचे. मग ती स्वतःच गळायची थांबते."

"तुला हे ठाऊक होतं?"

"खाडीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"अहो, तीन वर्षांत तुम्ही विचारलंत काय, तर डब्यात भाजी कोणती. त्याचं उत्तर दिलं मी."

मास्तर दोरीचा गुंता सोडवण्यात फार गुंतल्यासारखे दिसले.

ते दोन दिवस मला नीट क्रमाने आठवत नाहीत. करण्यासारखे काही नव्हते, आणि काही न करण्याची मला सवय नव्हती. पाणी सपाट होते. बोटीच्या आत ढग होते, बाहेरही तेच ढग होते, मध्ये ती एक रेघ. बोटभर लांबीच्या माशांचा थवा काठावरून आत शिरला, बसायच्या फळीखाली थांबला आणि दुसरीकडून निघून गेला. पत्नी खुर्चीत झोपली होती. मला वाटले, बोट इथे नाहीच. कोणीतरी तिच्या आकाराची जागा पाण्यात आखून ठेवली आहे आणि ती अजून यायची आहे. पलीकडच्या काठावर पाणकावळा पंख पसरून उभा होता. पुन्हा पाहिले तेव्हा ऊन कलले होते आणि तो तसाच उभा होता.

रविवारी उजाडताच मी आणि मास्तरांनी बादल्यांनी पाणी उपसले. बोट इंच इंच वर आली. फडक्याने तळ कोरडा केला आणि आम्ही वाटेवर बसलो. मी सांध्यांकडे पाहिले नाही.

आठ वाजता व्यवस्थापक आला. त्याची परीक्षा साधी होती. वर्तमानपत्राचा एक ताव त्याने बोटीच्या तळावर अंथरला आणि चहा प्यायला गेला. परत यायला त्याला अर्धा तास लागला. ताव उचलून त्याने उजेडात धरला. एक कोपरा तळहाताएवढा ओला होता.

"गळते," तो म्हणाला.

मी खुलासा करणार होतो. मायक्रोमीटरची मापे खिशात होती. मी ती बाहेर काढली नाही. "अजून पाणी पितेय," एवढेच म्हणालो. "दोन दिवसांनी हा कोपराही कोरडा राहील. राहिला नाही तर मी स्वतः बोट काढून नेईन."

त्याने ताव घडी करून काखेत मारला आणि खुर्चीतून हे सगळे पाहणाऱ्या पत्नीकडे एकदा नजर टाकली. "मंगळवारी पुन्हा कागद टाकीन," तो म्हणाला. "तोवर जागा तुमची."

पत्नी माझा हात धरून लाकडी वाटेवर आली. कडेला थांबली. मग तिने डावा पाय उचलून बोटीत ठेवला. बोट तिच्या वजनाने खाली गेली, किंचित कलली आणि पुन्हा वर आली. तिने दुसराही पाय आत घेतला आणि ती बसली. मास्तर मान वळवून पाण्याकडे पाहत होते.

"दोऱ्या सोडा की," ती म्हणाली. "बांधून ठेवायला केलीत का?"

मी दोऱ्या सोडल्या आणि वल्ह्याने वाटेला रेटा दिला. स्लिपच्या तोंडातून आम्ही बाहेर पडलो. मागे धक्का लहान होत गेला. मास्तर त्यावर उभे होते, खांद्यावर ते भिजवून शिवलेले आच्छादन. मी पाचसहा हात मारले आणि वल्ही वर घेतली. बोट आपल्या आपण पुढे जात राहिली. पत्नीच्या पायांजवळ तळाची फळी जराशी ओली झाली होती. तिने ती पाहिली, मी पाहिली. 

मग तिने हात पाण्यात बुडवला आणि एक बोट जिभेला लावले.

"खारं नाही," ती म्हणाली.

"नाही."

"चालेल."