जमालची पाळी

करंजाडे गावचा गणू भोपी तापट होता, पण उगाच कधी तापला नाही. विशीत तो मुंबईच्या एका हॉटेलात ताटं उचलायला होता. तिथे गोव्याची मंडळी रोज संध्याकाळी जॅझ वाजवत. गाण्यांतलं इंग्रजी गणूला कळलं नाही, रीत मात्र कळली. एकजण पुढे येऊन आपल्या मनातलं वाजवतो, बाकीचे आवाज खाली घेऊन त्याला सांभाळतात, मग दुसऱ्याची पाळी. कोणी चुकला तर त्याला उघडं पाडत नाहीत, चूक उचलून सुरात घेतात. त्यांच्यातल्याच एकाकडून तो ट्रंपेट शिकला आणि पनवेलला येऊन लग्नाचा बँड काढला, तो याच रीतीचा. वरात चौकात थांबली की एकेकाची पाळी. क्लॅरिनेटवाल्या जमालची शेवटची, कारण त्याच्यानंतर वाजवायची कोणाची छाती नव्हती.

त्र्याण्णवच्या फेब्रुवारीत नवीन पनवेलच्या इनामदारांच्या धाकट्याचं लग्न होतं. मुंबईच्या दंगलीला महिना होत आला होता. चार दिवस आधी इनामदार आले आणि गोड आवाजात म्हणाले, बँड सगळा येऊ दे, जमालला तेवढं आणू नका. आमचं काही नाही हो, पण पाहुणे काय म्हणतील? गणूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्याच वर्षी थोरल्याच्या वरातीत जमालच्या क्लॅरिनेटवर हेच गृहस्थ फेटा सुटेपर्यंत नाचले होते. तेव्हा पाहुणे काय बहिरे होते?

पण सुपारी घेतलेली, शब्द दिलेला. जमालच म्हणाला, जा तू, पोराच्या लग्नात विघ्न नको. आणि गणू गेला.

गेला तो धुमसतच. पहिल्या चौकात सगळ्यांच्या पाळ्या झाल्या. जमालची आली तेव्हा गणूने ट्रंपेट खाली घेतला आणि बाकीच्यांना खूण केली. ढोल आणि साथ हलकी वाजत राहिली, वर मात्र कोणीच नाही. जमाल घेई तेवढा वेळ. नाचणाऱ्यांचे पाय अडखळले. दुसऱ्या चौकात तेच. तिसऱ्या चौकात इनामदार घाम पुसत आले आणि म्हणाले, ही काय थट्टा लावलीय, दुसऱ्या कोणाला तरी वाजवायला सांगा.

"ती पाळी जमालची हाय," गणू म्हणाला. "दुसरा कोनी वाजवनार नाय."

इनामदार फेटा सावरत मागे फिरले. वरात तशीच मांडवापर्यंत गेली.

दुसऱ्या दिवशी गणू मोहल्ल्यात जमालच्या घरी गेला आणि इनामदारांची कशी जिरवली ते हातवारे करून सांगू लागला. जमालच्या बायकोने, सफूराने, चहा आणून ठेवला. जमालने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"माझी पाळी रिकामी ठेवलीस, शुक्रिया," तो म्हणाला. "पण बाकीचं सगळं वाजवलंस ना, माझ्याशिवाय?"

गणूचे हात थांबले. इनामदारांना, पाहुण्यांना, साऱ्या गावाला त्याच्या शिव्या घालून झाल्या होत्या. एकच माणूस सुटला होता. गोव्याची ती मंडळी आपल्यातल्या एकाला दाराबाहेर ठेवून कधी वाजवायला बसली असती का?

"हां," तो शेवटी म्हणाला. "वाजवला."

जमालने चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला. "रविवारी पळस्पे गावात लग्न आहे. किती वाजता निघायचं?"

गणूला इनामदारांचाही आला नव्हता एवढा राग त्या क्षणी स्वतःचा आला.